पेठेतून शांत वसाहतीत राहायला जावे का? वडिलांच्या दृष्टीने सल्ला हवा आहे

प्रश्न: पेठेतला रहिवासी

नमस्कार. आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून पुण्यात सदाशिव पेठेत राहते. आमचा जुना वाडा पाडून तिथे इमारत झाली, पण तिला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली असून डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितले आहे. म्हणून आम्ही सहकारनगरमधील एका आतल्या गल्लीत तळमजल्यावरची जागा पाहिली. जागा मोठी आहे, उजेड चांगला आहे, मागच्या बाजूला आंब्याचे झाड आहे आणि गल्ली इतकी शांत आहे की खिडकी उघडल्यावर आम्हा सर्वांना थोडा वेळ चुकल्यासारखेच झाले.

माझी अडचण या शांततेविषयीच आहे. पेठेतल्या आवाजाला आम्ही कंटाळलो आहोत, हे खरे आहे. पहाटेपासून दुधाच्या गाड्या, मग शाळेच्या रिक्षा, दिवसभर हॉर्न, आणि गणेशोत्सवात तर विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालत असल्याने त्या रात्री झोप अशी मिळतच नाही. माझा मुलगा नववीत आहे आणि त्याला शांत जागा मिळावी, असे पत्नीला मनापासून वाटते. परंतु वडिलांचे सारे आयुष्य या गर्दीत गेले आहे. ते सकाळी खाली उतरतात (अलीकडे दिवसातून एकदाच), पेपरवाल्याशी बोलतात, वाण्याच्या दुकानाबाहेरच्या फळीवर बसतात आणि तासाभराने वर येतात तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असते.

आम्ही ती जागा पाहायला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गेलो होतो. एक आजी आपल्या बंगल्याच्या फाटकाला आतून कुलूप लावत होत्या. त्यांच्याखेरीज गल्लीत कोणीही दिसले नाही. वडील थोडा वेळ फाटकापाशी उभे राहिले आणि त्यांनी मला विचारले, "इथली माणसे कुठे असतात रे?" मला उत्तर देता आले नाही. जे अशा शांत वसाहतींमध्ये अनेक वर्षे राहिले आहेत, त्यांनी तिथला रोजचा दिवस प्रत्यक्षात कसा असतो आणि वयस्कर माणसाला तो मानवतो का, हे कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: तळजाईच्या पायथ्याशी

आपल्या वडिलांचा प्रश्न अगदी योग्य आहे. मी १९८९ साली लग्न होऊन सहकारनगरमध्ये आले, तेव्हा मलाही तोच प्रश्न पडला होता, कारण माझे माहेर शनिवार पेठेतले.

आधी एक गोष्ट सांगते, जी तुमच्या वडिलांना ठाऊक असेलच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांमधली हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती आणि सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येक आमच्या या भागात आहेत. माझे सासरे त्यांच्यापैकीच एक होते. म्हणजे ही शांत वसाहत वसवणारी माणसे मुळात पेठेतलीच होती. त्यांनी मोकळ्या माळावर घरे बांधली, पण सवयी वाड्यातल्याच ठेवल्या. एकाकडे हंडाभर पाणी कमी पडले तर दुसऱ्याकडून येत असे, संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर बसून गप्पा होत आणि कोणाच्या घरी कोण पाहुणा आला आहे, हे गल्लीला माहीत असे. मी पाहिलेली शांतता ही अशी होती. वाहने कमी आणि झाडे पुष्कळ असल्यामुळे ती होती; माणसे कमी असल्यामुळे नव्हती.

ती पिढी आता सरत आली आहे. आमच्या गल्लीत चौदा घरे आहेत आणि त्यांतल्या चार घरांत आज एकेकटे किंवा दोघेच वृद्ध राहतात, तर दोन बंगले बहुतेक वर्षभर बंद असतात. साडेसातला तुम्हाला कोणी दिसले नाही, याचे कारण हेच. ती वेळ आमच्याकडे फाटके लावण्याची आणि देवापुढे दिवा लावून टीव्ही सुरू करण्याची असते.

माणसे भेटतात ती पहाटे. साडेपाचपासून तळजाईच्या टेकडीकडे जाणाऱ्यांची रीघ लागते आणि त्यात तुमच्या वडिलांच्या वयाचे लोक निम्म्याहून अधिक असतात. गुडघ्यांमुळे त्यांना टेकडी चढणे जमणार नाही, परंतु चढावरून परत येणारी मंडळी खाली बाकांवर तासभर बसतात आणि त्यांच्यात बसायला चढ चढावा लागत नाही. सात ते आठ शाळांच्या गाड्यांची गडबड असते. त्यानंतर मात्र अकरा ते चार हा जो काळ आहे, तो नव्या माणसाला जड जातो. उन्हाळ्यात या वेळी समोरच्या उंबरावर बसलेल्या तांबट पक्ष्याची एकसुरी टुकटुक, एखाद्या घरातल्या कुकरची शिट्टी आणि फार तर भंगारवाल्याची आरोळी, एवढेच कानावर पडते. मला आता हा वेळ सर्वांत प्रिय आहे. पण पहिली दोन वर्षे मी याच वेळात माहेरची आठवण काढून रडत असे, हे मी लपवणार नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला टेकडीकडून मोरांचा आवाज घरात ऐकू येतो. तुमच्या वडिलांना तो आवडेल, असे मला वाटते.

उत्तर २: एरंडवणे, गल्लीतले घर

वरच्या ताईंनी फार चांगले लिहिले आहे. मी त्यात एक व्यावहारिक बाजू जोडतो, कारण शांतता पाहून घर घेणारे बहुतेक लोक ती तपासत नाहीत आणि नंतर पस्तावतात.

मी प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत लहानाचा मोठा झालो. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिच्यावरून या रस्त्याला नाव पडले. त्याच्या दोन्ही बाजूंना क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या म्हणजे एके काळी शांत पुण्याचा नमुनाच होता. एकमजली-दुमजली बंगले, पुढे पारिजातक किंवा बुचाचे झाड, मागे विहीर. दुपारी सायकलची घंटा वाजली तरी पोस्टमन आला, हे घरात कळत असे.

गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या गल्लीतले सात बंगले पाडले गेले. प्रत्येक ठिकाणी पाडकाम, खोदकाम, काँक्रीट आणि फरशी कापण्याचे काम मिळून दोन ते तीन वर्षे गेली. एक इमारत पूर्ण होत आली की शेजारची सुरू होत असे. माझी आई हृदयविकाराची रुग्ण होती आणि तिच्या शेवटच्या चार वर्षांत तिने दुपारची झोप अशी घेतलीच नाही. एका बांधकाम व्यावसायिकाला आम्ही हात जोडून विनंती केली की फरशी कापण्याचे काम एक ते चार या वेळात थांबवावे. त्याने होकार दिला आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच सुरू झाले. त्या आवाजाचे दुःख माझ्या मनातून आजही गेलेले नाही, म्हणून हे इतके आग्रहाने लिहितो आहे.

तुम्ही जागा घेण्याआधी गल्लीची रुंदी पाहा. राज्यात डिसेंबर २०२० पासून जी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यात किती बांधकाम करता येईल, हे पुष्कळ अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर वाढीव बांधकामाला मोठी मर्यादा येते. त्याच वर्षी पुणे महापालिकेत सहा मीटर रुंदीचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला होता आणि त्यावरून शहरात बराच वाद झाला. याचा साधा अर्थ असा की आज शांत असलेली गल्ली दहा वर्षांनी कशी असेल, याचा अंदाज झाडांवरून येत नाही, रस्त्याच्या मापावरून आणि शेजारच्या बंगल्यांच्या वयावरून येतो. शेजारचा बंगला बंद असेल आणि मालक परदेशी असतील, तर तो पुनर्विकासाला जाण्याची शक्यता धरूनच चाला. महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशात तो रस्ता किती मीटरचा दाखवला आहे, हे एखाद्या वास्तुरचनाकाराकडून पाहून घ्या. त्याला फारसा वेळ लागत नाही.

उत्तर ३: कोथरूडची सून

मी तुमच्या पत्नीच्या जागी होते, म्हणून मी माझा अनुभव लिहिते. सहा वर्षांपूर्वी आम्ही कसबा पेठेतून कोथरूडच्या एका शांत कॉलनीत आलो. सासूबाई तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या. मुलांचा अभ्यास सुधारला, माझी डोकेदुखी थांबली आणि घरात आवाज चढवून बोलण्याची सवय आपोआप गेली. हे सर्व लाभ खरे आहेत.

परंतु पहिल्याच वर्षी, एका मंगळवारी सकाळी अकराच्या पुढे, सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. मी आणि यजमान कामावर होतो, मुले शाळेत होती. त्या जवळजवळ पाऊण तास हाका मारत होत्या. उजवीकडच्या घराच्या खिडक्या बंद होत्या, डावीकडचा बंगला रिकामा होता, आणि समोरून जाणारे कोणी नव्हते. शेवटी कामाला येणाऱ्या मावशी आल्या तेव्हा कळले. मांडीच्या हाडाला चीर गेली होती. रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर त्या मला एवढेच म्हणाल्या, "अगं, वाड्यात भांडे पडले तरी चार जणी विचारायला यायच्या." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, पण मला ते वाक्य फार लागले.

त्यानंतर आम्ही जे केले, ते तुम्ही पहिल्या आठवड्यातच करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. मी तिळगूळ द्यायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेले, बसले, आणि संकोच बाजूला ठेवून आमची अडचण सांगितली. तेव्हा कळले की त्याही एकट्याच आहेत आणि त्यांनाही हीच भीती वाटते. मग सासूबाई आणि त्या शिक्षिका या दोघींनी आपापसांत असे ठरवले की सकाळी आठ वाजेपर्यंत प्रत्येकीने आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बाजूला करायचा आणि दुपारी चारला पुन्हा एकदा खिडकीत येऊन दिसायचे. पडदा सरकला नाही, तर दुसरीने फोन करायचा. फोन उचलला नाही, तर तिच्याकडे ठेवलेली किल्ली घेऊन यायचे. सासूबाई तो पडदा बाजूला सारताना मी रोज पाहते. निळ्या चौकडीचा, खाली थोडा विरलेला पडदा आहे. मी तो बदलायला काढला होता, तर त्यांनी बदलू दिला नाही, कारण समोरच्या बाईंना तोच ओळखीचा आहे, असे त्यांचे म्हणणे.

न्हाणीघरात आधाराच्या दांड्या आणि खडबडीत फरशी बसवून घ्या. आणखी एक सांगायचे राहिले. शांत गल्लीत संध्याकाळी सातनंतर रस्ता सुना होतो. मला क्लासवरून येणाऱ्या मुलीची पेठेत कधी काळजी वाटली नव्हती, ती इथे वाटते. पहाटे फिरायला जाणाऱ्या स्त्रियांच्या गळ्यातली मंगळसूत्रे हिसकावण्याचे प्रकारही अशाच निर्मनुष्य रस्त्यांवर घडतात. गल्लीतले दिवे लागतात का, हे रात्री नऊनंतर स्वतः चालून पाहा.

उत्तर ४: हिंदू कॉलनी, दादर

मी पुण्याचा नाही, परंतु विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा भागात ज्या आखीव वसाहती केल्या, त्यांपैकी आमची एक. दाट वस्तीत हवा खेळत नाही आणि रोग पसरतो, ही भीती त्या आखणीमागे होती. म्हणून मोकळी हवा, बागा, झाडांनी झाकलेले रस्ते. दादर स्थानकाच्या गर्दीतून बाहेर पडून पाच मिनिटे चालले की आमच्या गल्ल्यांत आजही पानांची सळसळ ऐकू येते, आणि बाबासाहेब आंबेडकरांचे 'राजगृह' याच वसाहतीत आहे. त्यांनी आपल्या प्रचंड ग्रंथसंग्रहासाठी घर बांधायला हीच जागा निवडली, याचे मला नेहमी समाधान वाटते.

मला इतकेच सांगायचे आहे की शांतता ही राखावी लागते, आणि ती राखणारी माणसे त्या वसाहतीत आहेत का, हे तुम्ही विचारून घ्यावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. नियम सगळीकडे सारखाच आहे, तरी काही गल्ल्या शांत राहतात आणि काही राहत नाहीत. आमच्या जवळच्या शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी न्यायालयात जाऊन प्रयत्न केले, म्हणून २०१० मध्ये ते मैदान उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र ठरले. तो आदेश आपोआप आलेला नाही.

आमच्या गल्लीत एका घराच्या गच्चीवर वाढदिवसाला रात्री अकरानंतर ध्वनिवर्धक लावला जात असे. पोलिसांना कळवण्याचा हक्क आम्हाला होताच. आणीबाणीचा ११२ हा क्रमांकही आहे. पण आमच्या सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरींनी ते केले नाही. ते दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी गेले, चहा घेतला आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना रात्री श्वासाचे यंत्र लावावे लागते, हे सांगितले. पुन्हा तसे झाले नाही. असे सेक्रेटरी तुमच्या नव्या गल्लीत आहेत का, ते पाहा. त्यांना भेटण्यासाठी वडिलांना सोबत न्या.

उत्तर ५: भाडेकरू

वडिलांच्या दृष्टीने सांगायचे तर मालकाला अकरा महिन्यांच्या करारावर जागा मिळेल का, हे विचारून पाहा. पेठेतले घर तोवर ठेवावे. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक दिवाळी तिथे काढल्याशिवाय वृद्ध माणसाचे मन लागले की नाही, हे कळत नाही.

पुन्हा: पेठेतला रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे मी वडिलांना वाचून दाखवली. पानशेतचा उल्लेख आल्यावर ते बराच वेळ गप्प होते. पूर आला तेव्हा ते शाळकरी मुलगा होते, आणि त्यांच्या वर्गातल्या काही मुलांची कुटुंबे त्यानंतर पेठ सोडून गेली ती परत आली नाहीत, एवढे त्यांनी सांगितले.

काल रविवारी मी त्यांना पहाटे पावणेसहाला रिक्षाने तिकडे नेले. दिवे सर्व चालू होते. मी पावलांनी मोजला तेव्हा गल्लीचा रस्ता जेमतेम सहा मीटर भरला. आराखड्यात तो किती दाखवला आहे, हे या आठवड्यात पाहून घेतो. शेजारचा बंगला बंद नाही, तिथे एक दांपत्य राहते आणि त्यांचा मुलगा जवळच असतो. टेकडीच्या पायथ्याच्या एका बाकावर आम्ही बसलो. पहिली वीस मिनिटे वडिलांशी कोणी बोलले नाही आणि मला वाटले की इथेच सारे संपले. मग टेकडीवरून उतरलेले एक गृहस्थ बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, त्यांनी बुटातला खडा काढला आणि वडिलांना विचारले की आपण नवीन दिसता, कुठले? वडील म्हणाले, सदाशिव पेठ. "कुठला वाडा?" असे त्यांनी लगेच विचारले. त्यानंतर मी उठून बाजूला जाऊन उभा राहिलो, कारण मला त्या संभाषणात काही काम उरले नव्हते. त्या गृहस्थांच्या आईवडिलांचे घर १९६१ मध्ये नारायण पेठेत वाहून गेले होते.

आम्ही मालकाशी बोललो आहोत आणि अकरा महिन्यांसाठी भाड्याने घ्यायचे, असे ठरत आहे. त्या फाटकाला कुलूप लावणाऱ्या आजींकडे पत्नी येत्या शनिवारी जाणार आहे. दुपारच्या अकरा ते चार या वेळेचे काय करायचे, हे अजून सुटलेले नाही. कोणाच्या माहितीत त्या बाजूला दुपारी उघडे असणारे वाचनालय किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची बसण्याची जागा असेल, आणि तिथे जायला पायऱ्या नसतील, तर जरूर कळवावे.